जोर कुठे लावायचा

घरी कॉम्प्युटर जोडायचा म्हटलं की लोक काय काय विचारतात ते आता मला पाठ झालंय. शॉक लागणार नाही ना, एखादी वायर उलटी लागली तर सगळं जळेल का, विंडोज कोण टाकणार वगैरे. यातल्या बऱ्याच भीतींना आता अर्थ राहिलेला नाही, कारण आजकालच्या पार्टांमध्ये उलटं लावता येईल असं फारसं काही उरलेलंच नाही, रॅमला खाच असते, पॉवरच्या केबलला खाच असते, ग्राफिक्स कार्ड भलत्या ठिकाणी बसतच नाही. जिथे खरोखर हात सांभाळायचा ती जागा अख्ख्या मशीनमध्ये एकच, प्रोसेसरचं सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, आणि त्याच्यावर बसून त्याला गार ठेवणारा कूलर. आणि तिथली अडचण अशी की पंधरा-वीस मिनिटांच्या आत तुम्हाला एकदा अजिबात जोर लावायचा नसतो, मग लगेच चांगलाच लावायचा असतो, मग परत नाही, मग परत लावायचा. नवीन माणूस हे बरोब्बर उलटं करतो. जिथे नुसतं सोडून द्यायचं तिथे बोटाने दाबून बघतो, आणि जिथे दाबायचं तिथे घाबरून अर्ध्यावर थांबतो.

मी हे काही धंदा म्हणून करत नाही. माझी नोकरी हिशोबाची आहे. पण नात्यात किंवा कॉलनीत कुणाचं मशीन बनवायचं निघालं की फोन येतो, आणि खरं सांगायचं तर मला आवडतं. गेल्या जानेवारीत भाचीचं निघालं. ती आर्किटेक्चरला आहे, लॅपटॉपवर थ्रीडी मॉडेल उघडलं की त्याचा पंखा असा बोंबलायचा की शेजारच्या खोलीतून ताई विचारायची मिक्सर कोणी लावला म्हणून. भाऊजींचं म्हणणं होतं की बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, दुकानातच लावून घ्या, पाचशे-हजार घेतील, डोक्याला ताप नाही. हे मत काही चुकीचं नाही बरं का. दुकानातला पोट्टा दिवसभर हेच करतो, त्याचा हात बसलेला असतो, डोळे मिटून प्रोसेसर बसवेल. पण मशीन एकदा लावलं की संपलं असं नसतं ना, दोन वर्षांनी प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट वाळते, पंखा कुरकुरतो, कूलर बदलावासा वाटतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर वाटतोच वाटतो. तेव्हा तो पोट्टा घरी येत नाही. शिवाय भाचीला स्वतःच्या हाताने करायचं होतं, तिथे विषय संपला.

प्रोसेसर घेतला इंटेलचा आय५ १२४००. जानेवारी २०२२ चा आहे, म्हणजे नवीन अजिबात नाही, पण सहा कोर आहेत, डब्यात कूलर येतो, आणि तिच्या बजेटमध्ये ग्राफिक्स कार्डासाठी पैसे उरत होते. तिचं काम बघता पैसे तिकडेच जायला हवे होते. डब्यावर ६५ वॅट असा आकडा, पण जोरात असताना हा ११७ वॅटपर्यंत खातो. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जानेवारीतलं नागपूर ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये, हवा एकदम कोरडी, ओठ फुटतात, आणि रात्री अंधारात स्वेटर काढला की चटचट ठिणग्या दिसतात. लहानपणी आम्हाला त्याची मजा वाटायची. तीच ठिणगी मशीन लावताना नको असते. माणसाला बोटाला झटका जाणवतो तोपर्यंत अंगावरचं व्होल्टेज साधारण ३००० च्या वर गेलेलं असतं, करंट नगण्य म्हणून आपल्याला काही होत नाही, पण चिपमधल्या बारीक सर्किटला काहीशे व्होल्टसुद्धा जास्त होऊ शकतात, म्हणजे तुम्हाला न कळता एखाद्या पार्टाला दुखापत झालेली असू शकते. हल्लीच्या चिपांमध्ये यापासून वाचायची सोय आतच केलेली असते, त्यामुळे उगाच दहशत घ्यायची गरज नाही, पण मुंबईच्या दमट हवेत चाललं म्हणून आपल्याकडे जानेवारीत चालेलच असं नाही. म्हणून पहिली गोष्ट, स्वेटर काढून सुती शर्ट. गालिचावर बसून नाही, सतरंजीवरही नाही, लाकडी डायनिंग टेबल रिकामं करून तिथे. ताईने टेबलावर हौसेने प्लास्टिकचं कव्हर घातलेलं, ते पण काढायला लावलं, आणि त्यावरून थोडं ऐकून घेतलं.

दुसरी गोष्ट अर्थिंग. सगळीकडे सांगतात की काम सुरू करण्याआधी एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या, धातूच्या डब्याला हात लावा, अंगावरची स्टॅटिक निघून जाईल. बरोबर आहे, आणि आपल्याकडे भिंतीवर बटण असतं त्यामुळे ते सोपंही आहे, प्लग लावून ठेवायचा, बटण बंद, फेज तुटतो पण अर्थ जोडलेलाच राहतो. फक्त अर्थ खरंच असायला हवा. ताईचं घर नागपूरच्या महाल भागातलं, जुनं, आणि जुन्या घरांमध्ये तीन पिनांच्या बोर्डातलं वरचं मोठं भोक कित्येकदा नुसतं शोभेचं असतं, मागे वायरच नसते. चालू कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं ना, ते याच्यामुळे. एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडा करंट गळून अर्थमध्ये जाणं अपेक्षित असतं, अर्थ नसला की तो पत्र्यावर येऊन बसतो. पार्ट खराब आहे असं समजून लोक एसएमपीएस बदलतात, मुंग्या तशाच. इलेक्ट्रिशियनला बोलावून टेस्ट लॅम्पने फेज आणि अर्थच्या मध्ये दिवा लागतो का बघायला सांगा, लागला तर अर्थ आहे. ताईकडे एकाच खोलीत लागला, स्वयंपाकघरात, म्हणून आमचं सगळं काम डायनिंग टेबलावर. फोडणीच्या वेळा सांभाळून.

मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला. कॅबिनेटमध्ये आधी बोर्ड बसवून मग प्रोसेसर लावणारे लोक असतात, मला ते पटत नाही. आत हात नीट जात नाही, उजेड नसतो, आणि कूलर लावताना बोर्डाची पाठ बघावी लागते ती दिसत नाही.

सॉकेटच्या बाजूला एक लोखंडी काडी, म्हणजे लिव्हर, ती थोडी खाली दाबून बाहेर सरकवली की सुटते, वर उचलली की चौकट उघडते. चौकटीला काळं प्लास्टिकचं झाकण अडकवलेलं असतं ते राहू द्यायचं. आणि आतमध्ये १७०० बारीक पिना. मी भाचीला म्हटलं आता पाच मिनिटं काही करू नको, फक्त बघ. मोबाइलचा टॉर्च तिरका धरायचा आणि हळूहळू फिरवायचा. सगळ्या पिना एकाच दिशेला किंचित वाकलेल्या असतात, त्या तशाच असायला हव्यात, त्यांची टोकं सोनेरी, आणि टॉर्च सरकला की चमक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग सरकत जाते. एखादी पिन जरी वाकडी असेल तर तिथे ती चमक अडते, एक काळा ठिपका दिसतो किंवा भलत्याच बाजूला लकाकतं. भाचीला हे इतकं आवडलं की तिने टॉर्च चारही बाजूंनी फिरवून बघितला आणि मग फोटो काढले. फोटो काढाच. पिना वाकल्या तर बहुतेक कंपन्या ते वॉरंटीत धरत नाहीत, फिजिकल डॅमेज म्हणतात आणि हात वर करतात. ते काळं झाकणही याचसाठी फेकायचं नाही, बोर्ड वॉरंटीला पाठवताना सॉकेटवर झाकण हवं अशी अट असते आणि झाकण नाही म्हणून परत आलेला बोर्ड मी पाहिलेला आहे.

पूर्वी या पिना प्रोसेसरला असायच्या. इंटेलने घरगुती मशीनमध्ये २००४ मध्ये एलजीए ७७५ सॉकेट आणलं तेव्हा पिना बोर्डावर गेल्या आणि प्रोसेसरच्या पोटाला नुसते सपाट ठिपके राहिले. इंटेलच्या स्पर्धक एएमडीने मात्र प्रोसेसरला पिना ठेवणं २०२२ पर्यंत चालू ठेवलं, म्हणजे त्यांच्या एएम४ सॉकेटपर्यंत, १३३१ पिना, मग एएम५ आलं आणि तेही इंटेलच्या वाटेने गेले. नव्या पद्धतीत जास्त पिना बसवता येतात वगैरे कारणं आहेतच, पण मला नेहमी वाटतं की यात थोडी हुशारी पण आहे, मोडण्यासारखी नाजूक गोष्ट आता प्रोसेसरवाल्याच्या मालावर नाही, बोर्डवाल्याच्या मालावर आहे, भांडायचं तर त्याच्याशी भांडा. आणि दुरुस्तीच्या दृष्टीने जुनंच बरं होतं हो. एएम४ ची वाकलेली पिन शिसपेन्सिलीच्या, म्हणजे त्या क्लिकवाल्या पेन्सिलीच्या रिकाम्या टोकात अडकवून हळूच सरळ करता येते, माझ्या मित्राने केलेली आहे आणि तो प्रोसेसर अजून चालतो. सॉकेटमधली पिन त्यापेक्षा किती तरी बारीक आणि मुद्दाम दोन ठिकाणी मुडपलेली, ती सरळ करायला मायक्रोस्कोपवाला मोबाइल रिपेअरवाला गाठावा लागतो, आणि त्याने हो म्हणायला हवं.

तर आता बिनजोराचं काम. प्रोसेसर दोन बोटांनी कडांना धरायचा, पोटाला हात नाही. एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण, सॉकेटच्या एका कोपऱ्यावरही त्रिकोण, ते जुळवायचे, आणि कडेच्या खाचा सॉकेटच्या उंचवट्यांवर येतायत ना ते बघायचं. बोटं आत जावीत म्हणून सॉकेटला बाजूने थोडी जागा कापलेली असते, तिथपर्यंत बोटं खाली नेऊन मगच सोडायचा. सरळ खाली. एक कड आधी टेकवून दुसरी मग, असं दार लावल्यासारखं नाही. आणि बसल्यावर सरकवून बघायचा मोह आवरायचा. तो स्वतःच्या वजनाने बसतो, सपाट दिसतो, संपलं. नसेल बसला तर सरळ वर उचलून परत. भाचीचे हात अगदी स्थिर होते, मॉडेल बनवायची सवय, थर्माकोल आणि माउंटबोर्ड कापून कापून. माझं तर तिच्याकडे बघूनच मन शांत झालं.

मग चौकट खाली, आणि लिव्हर. इथे गडबड होते. लिव्हर निम्म्यापर्यंत सहज येतो आणि मग एकदम जड होतो, आणि कर्रर्र असा आवाज येतो, बारीक काचेवर वाळू दाबल्यासारखा, आणि जगातला प्रत्येक नवीन माणूस या आवाजाला हात मागे घेतो.

"मामा, हा आवाज बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. दाब."

"खूप जोर लागतोय पण. मोडलं म्हणजे?"

"मोडलं तर भाऊजींना मी तोंड देतो. तू दाब."

दाबला. शेवटी शेवटी अंगठा पांढरा पडेपर्यंत. काळं झाकण फट्कन उडालं आणि थेट साखरेच्या डब्यामागे जाऊन पडलं, लिव्हर खाचेत अडकला आणि काम झालं. झाकण असंच उडतं, तशीच रचना आहे, आधी काढलंत तर पिना उघड्या राहतात.

एवढा जोर का लागतो याचा हिशोब मी तिला कागदावर मांडून दाखवला, हिशोबाचीच सवय. १७०० पिना म्हणजे १७०० बारीक स्प्रिंगा. समजा एकेका पिनेने नीट टेकून राहावं म्हणून २५ ते ३० ग्रॅमचा दाब हवा, काहीच नाही हो, चिमूटभर. पण गुणिले १७०० करा, ४२ ते ५१ किलो होतात. म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर दहावीतलं पोरगं बसवल्यासारखं. तो सगळा दाब त्या लांब काडीने आणि चौकटीने तुमच्या अंगठ्यातून काढलेला असतो. आवाज त्याचाच. म्हणून प्रोसेसर आधीच नीट बसलाय का ते बघणं महत्त्वाचं, तो जर तिरका बसलेला असेल तर तेवढेच किलो भलत्या पिनांवर पडतात. मी भाचीला एवढंच सांगितलं की घाबरायचं असेल तर लिव्हरच्या आधी घाबर, सगळं तीनदा बघ, पण लिव्हर धरल्यावर शंका घेऊ नको.

याच चौकटीबद्दल एक वाद आहे तो जाता जाता. आमच्या या सॉकेटचे, म्हणजे एलजीए १७०० चे, प्रोसेसर लांबट आहेत आणि चौकट त्यांना मधोमध दोन बाजूंनी दाबते, त्यामुळे ते किंचित वाकतात आणि कूलरचा तळ नीट टेकत नाही अशी तक्रार निघाली, मग ती चौकट काढून दुसरी अॅल्युमिनियमची फ्रेम लावायची पद्धत आली. इंटेलचं म्हणणं की असा बदल केलात तर वॉरंटी जाऊ शकते. मोठ्या, दोनशे-अडीचशे वॅटच्या प्रोसेसरला लोकांना फरक दिसतो. आमच्या १२४०० ला मी तरी लावणार नाही. चांगल्या बसलेल्या सॉकेटचे स्क्रू खोलून पिना परत उघड्यावर आणायच्या, आणि मिळवायचे काय तर दोन-चार अंश.

आता पेस्ट. ही गोष्ट लोक गोंद समजतात. प्रोसेसरचं टोपण, म्हणजे वरचं धातूचं कवच, आणि कूलरचा तळ आपल्याला गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्मपणे बघितलं तर दोन्हीकडे चढउतार आहेत आणि एकमेकांवर ठेवले की मध्ये हवा अडकते. हवेतून उष्णता फारच वाईट जाते. उष्णता किती सहज जाते त्याच्या मापात तांबं ४०० च्या आसपास, चांगली पेस्ट पाच-दहा, आणि हवा ०.०२६. म्हणजे पेस्ट तांब्यापुढे काहीच नाही, पण हवेपेक्षा शेकडो पटीने बरी. तिचं काम हवेला हाकलणं एवढंच. म्हणून जाड थर लावणं म्हणजे चांगल्या तांब्याच्या मध्ये मुद्दाम वाईट वस्तू भरणं. मटारच्या दाण्याएवढी मध्यभागी ठेवा, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. डब्यातल्या कूलरला ती तळाला आधीच लावलेली असते, राखाडी थर, त्याला बोट लावायचं नाही आणि वरून आणखी लावायची पण नाही. वेगळा विकत घेतलेला कूलर असेल तर उलट, तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं आणि ते काढायला विसरणारे दरवर्षी भेटतात.

या एवढ्याशा चिकट पदार्थाचं एवढं कौतुक का, तर मघाचे ते ११७ वॅट. सिलिकॉनचा खरा तुकडा, टोपणाखालचा, दोन चौरस सेंटीमीटरच्या आसपास. घरातली १००० वॅटची इस्त्री घ्या, तिचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटीमीटर, म्हणजे सेंटीमीटरमागे पाच वॅट. प्रोसेसरला हिशोब येतो पन्नास-साठ. इस्त्रीच्या दहापट दाट उष्णता, आणि इस्त्रीला तापायचं असतं, याला थंड राहायचंय.

आमच्या कॉलेजच्या काळात हे फार अंगावर यायचं. २००१ च्या आसपासच्या एएमडी अॅथलॉनला टोपणच नसायचं, मधोमध उघडा सिलिकॉनचा तुकडा, कूलर तिरका टेकला की कोपऱ्याचा टवका उडायचा. कूलरची क्लिप सॉकेटच्या प्लास्टिकच्या नाकाला अडकवायला चपटा स्क्रूड्रायव्हर घेऊन जीव खाऊन दाबायचं, आणि स्क्रूड्रायव्हर निसटला की थेट बोर्डावर चरा. कूलरशिवाय चालू झाला तर तो प्रोसेसर क्षणात जळायचा, तेव्हाच्या पेंटियम ४ ला निदान आपोआप हळू व्हायची अक्कल होती. आता सगळ्यांनाच ती आहे. आजचा प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेला की स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो. त्यामुळे कूलर जरा चुकला तर जळेल ही भीती मनातून काढून टाका. होतं असं की मशीन चालतं पण रखडत चालतं, आणि कारण कळत नाही म्हणून लोक फॉरमॅट मारत बसतात.

आणि कारण बहुतेक वेळा कूलरचा चौथा पाय असतो. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार पुश पिन असतात, मला त्यांचा मनापासून राग आहे. प्रत्येक पायाला दोन भाग, पांढरा फाटलेला खुंट जो बोर्डाच्या भोकातून आरपार जातो, आणि त्याच्या मधून उतरणारी काळी काडी जी त्याला मागून फाकवते. डोक्यावर बाण कोरलेला असतो आणि बाण दिसला की माणूस फिरवतो, पण तो बाण कूलर काढायच्या वेळचा आहे, लावताना फिरवायचं काहीच नाही, फक्त दाबायचं. आणि समोरासमोरचे कोपरे, म्हणजे आधी हा आणि त्याच्या तिरका, मग उरलेले दोन, नाहीतर एक बाजू आधी बसते, कूलर कलतो आणि चौथा पाय काही केल्या जात नाही. इथे परत जोर. बोर्ड डोळ्यांना दिसेल इतका वाकतो. बोर्डाखाली हाताने आधार द्यायचा आणि टिक असा आवाज येईपर्यंत अंगठ्याने दाबायचं.

भाचीने तीन पाय बसवले, चौथ्याचाही टिक आला, ती म्हणाली झालं. मी बोर्ड उभा धरून मागची बाजू दाखवली. तीन भोकांमधून पांढरे खुंट पूर्ण बाहेर आले होते आणि मधोमध काळं टोक दिसत होतं, चौथ्यात पांढरं अर्धवट आणि काळं दिसतच नव्हतं. वरून चौघंही सारखेच दिसतात. तो पाय बाणाच्या दिशेने फिरवून सोडवला, डोकं परत मूळ जागी आणलं आणि पुन्हा दाबला, यावेळी टिक जरा जाड आला. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर असताना हे सगळं करायचं ते याच्यासाठी.

भाऊजींनी मध्येच माळ्यावरून एक जुना कूलर काढून आणला, जुन्या मशीनचा, चांगला जड, तांब्याचा गाभा असलेला, म्हणाले हाच लावा की, पैसे वाचतील. दिसायला अगदी तोच. पण एलजीए ७७५ च्या भोकांमधलं अंतर ७२ मिलिमीटर, नंतर बरीच वर्षं ७५ होतं, आणि १७०० ला ७८. तीन-तीन मिलिमीटर. दोन पाय बसतात आणि दोन लोंबकळतात. एएमडीने याबाबतीत गिऱ्हाइकाचा जास्त विचार केला असं म्हणावं लागेल, एएम४ ची बरीच कूलरं एएम५ वर चढतात.

एएम४ चा विषय निघालाच तर, माझं स्वतःचं मशीन त्याच जातीचं आहे आणि तिथे कूलर काढणं लावण्यापेक्षा अवघड. त्या सॉकेटला वरून चौकट नसते, पिना फक्त बाजूने पकडलेल्या असतात, त्यामुळे जुनी पेस्ट घट्ट झाली असेल आणि कूलर सरळ वर ओढला तर लिव्हर बंद असतानाच प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. तिथे ओढायचं नाही, आधी मशीनवर काहीतरी जड काम पंधरा मिनिटं चालवायचं, पेस्ट गरम आणि मऊ झाली की बंद करून, प्लग काढून, कूलर डावीकडे-उजवीकडे पिळायचा, भरणीचं झाकण फिरवतो तसा थोडा थोडा, आणि सैल वाटला की मगच उचलायचा. जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरिंगचं सामान मिळतं तिथे मिळतं, आणि तंतू न सुटणारं कापड. टिश्यू पेपर नको, लगदा होतो.

शेवटी पंख्याची चार पिनांची वायर, बोर्डावर सीपीयू फॅन असं छापलेल्या जागीच. शेजारी दिसायला अगदी तशाच कॅबिनेट फॅनच्या जागा असतात. चुकीच्या जागी लावली तर पंखा फिरतोही, पण बोर्डाला वाटतं पंखाच नाही आणि चालू करताना एरर देऊन थांबतो. आणि वायर पात्यात जाणार नाही अशी बांधायची. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, ३३ अंश दाखवत होते. भाऊजी म्हणाले, म्हणजे ताप नाही.

ते जानेवारीत हो. कूलर कितीही भारी असू द्या, तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, खोली २० ची ४० झाली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. जानेवारीत भाचीचं रेंडर, म्हणजे मॉडेलवरून चित्र तयार करणं, चालू असताना सत्तरच्या आत असायचा. मे महिन्यात बाहेर ४५, वरच्या खोलीत ४०, आणि तोच प्रोसेसर तेच काम करताना नव्वदच्या आसपास, पंखा पूर्ण वेगाने, लॅपटॉपसारखाच. त्यात आपल्याकडे खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, त्याच्या पुढ्यातच तिने कॅबिनेट ठेवलेलं, गार हवा मिळावी म्हणून. हवा गार असते खरी, पण ओली असते आणि रस्त्यावरची सगळी धूळ घेऊन येते, ती धूळ ओली होऊन हीटसिंकच्या, म्हणजे कूलरच्या धातूच्या पात्यांच्या, फटींमध्ये चिकटून बसली होती, नुसत्या ब्लोअरने निघेना. कॅबिनेट बाजूला सरकवलं, हीटसिंक ब्रशने साफ केलं, चार-पाच अंश तिथेच कमी झाले.

मग टॉवर कूलरची, म्हणजे उंच हीटसिंकला बाजूने पंखा असलेल्या कूलरची, चर्चा सुरू झाली. तिला लिक्विड हवा होता, दिसायला भारी दिसतो म्हणून, हे तिने कबूल केलं. मी म्हटलं ११७ वॅटला पाण्याचा पंप, नळ्या आणि रेडिएटर कशाला, एक पंखा आणि चार हीट पाइपवाला टॉवर बास आहे, बंद पडण्यासारखी त्यात एकच वस्तू आणि ती कुठेही मिळते. घेतला टॉवर. घेताना कॅबिनेटची रुंदी आधी मोजायला लावली, दीडशे-एकशेसाठ मिलिमीटर उंचीचे असतात ते, बाजूचं झाकणच लागत नाही असं होतं. त्याला मागून पत्र्याची पट्टी लागते आणि स्क्रू असतात, तेही तिरके तिरके थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही, आणि पंख्याची जाळीवाली बाजू मागच्या दिशेला, म्हणजे हवा कॅबिनेटच्या मागून बाहेर जाते. हे सगळं तिने एकटीने केलं, मी व्हिडिओ कॉलवर होतो आणि बहुतेक वेळ छताचा पंखा बघत होतो. आता रेंडरला पंचाहत्तरच्या आसपास असतो, आवाज नाही.

काढलेला डब्यातला कूलर भाऊजी विकायला निघाले होते, म्हटलं ठेवा माळ्यावर, त्या दुसऱ्यासारखा निरुपयोगी नाही हा. टॉवरचा पंखा सबमिशनच्या आदल्या रात्री गेला तर चार दिवस याच्यावर निघतील, फक्त चारही डोकी मूळ जागी फिरवून ठेवा आणि लावताना जुनी पेस्ट पुसून नवीन लावा.